वाघिणीची वही: ताडोब्यातली वाघांची घराणी ओळखायला कसं शिकायचं

ताडोब्याच्या गेटवर सकाळची सफारीची जिप्सी परत आली की सगळे विचारतात, "दिसला का जी?" ज्याला पुढे या जंगलात गाईड व्हायचंय, गणनेच्या कामात हातभार लावायचाय किंवा वाघ नुसता बघण्याऐवजी समजून घ्यायचाय, त्यानं पहिल्या दिवसापासून वेगळा प्रश्न विचारायची सवय लावावी: "कोण दिसलं?" वाघ दिसणं नशिबाचा भाग आहे. तो कोण, कोणाच्या पोटचा, या नाल्यावर आज काय करतोय आणि मागच्या उन्हाळ्यात इथं कोणाचा राबता होता, हे मात्र शिकता येतं. चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ इकडच्या गावांतली बरीच पोरं-पोरी आता गाईडच्या कामाकडे वळताहेत. त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नराच्या मागे लागू नका, वाघीण धरा.

नवीन माणसाला नर वाघाचं वेड असतं. मोठं डोकं, रस्त्याच्या मधोमध रुबाबात चालणं, झुंजींच्या कहाण्या. पण नराचं क्षेत्र दोन-तीन, कधी त्याहून जास्त वाघिणींच्या क्षेत्रांवर पसरलेलं असतं. तो आज इथं, तर परवा डोंगराच्या पलीकडे. शिवाय त्याची सत्ता काही वर्षांचीच. वाघिणीचं क्षेत्र लहान, ते ती धरून ठेवते, आणि तिच्या लेकींपैकी एखादी तिच्या शेजारीच जागा करून घेते. मोहर्ली बाजूचा वाघडोह हा अवाढव्य नर आठवा. चेहऱ्यावरच्या जखमेमुळे त्याला स्कारफेसही म्हणत. त्याला माधुरी वाघिणीपासून तेलिया तलावावर चार मुली झाल्या: सोनम, लारा, गीता आणि मोना. पुढे तरुण नरांनी वाघडोहला सरकवत सरकवत बाहेर काढलं आणि मे २०२२ मध्ये चंद्रपूरजवळच्या सिनाळ्याच्या जंगलात म्हातारपणी तो मेला. ज्यांनी फक्त वाघडोहच्या नोंदी ठेवल्या त्यांची वही तिथं थांबली. ज्यांनी माधुरीचं पान उघडलं होतं, त्यांच्याकडे तिच्या लेकी आल्या, लेकींकडे येणारे नर आले आणि त्या नरांची भांडणंही आली. तेलियाचा हिशेब सोनमच्या नावानं पुढे चालूच राहिला.

टीव्हीवर आफ्रिकेतले सिंह बघून आलेले पाहुणे गाईडला हमखास विचारतात, "इथल्या नरांची टोळी कोणती?" याचं उत्तर नीट देता यायला हवं. सिंहाचे नर, बहुधा भाऊ किंवा चुलतभाऊ, कधी नात्याबाहेरचेही, दोघे-तिघे मिळून युती करतात आणि सिंहिणींचा कळप ताब्यात घेतात. सेरेंगेटीत अशी सत्ता साधारण दोन-तीन वर्षं टिकते. नवी युती आली की आधीच्या नरांची लहान पिल्लं मारली जातात, म्हणजे सिंहिणी लवकर माजावर येतात. आपल्या गीरमध्ये आणखी एक फरक आहे. तिथं नर आणि माद्या बहुतेक वेळ वेगवेगळ्या राहतात आणि समागमाला किंवा मोठ्या शिकारीवरच एकत्र दिसतात. गुजरातच्या २०२५ च्या गणनेत राज्यातले सिंह ८९१ भरले. सिंहाच्या अंगावर पट्टे नसल्यामुळे अभ्यासक त्याच्या मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांची रांग पाहतात, जोडीला कानाचे कापे आणि जखमांचे वण.

वाघात युती नाही. ताडोब्यात दोन नर सोबत दिसले तर बहुतेक वेळा ते आईपासून नुकते सुटलेले भाऊ असतात आणि काही महिन्यांत त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. पण दोन गोष्टी वाघ-सिंहांत सारख्या आहेत: जमीन मादी धरते, आणि नवा नर जुन्याची पिल्लं मारतो. हे दोन धागे हातात असले की वहीतल्या बऱ्याच गाठी सुटतात.

एक गेट, एक पाणी

ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प. कोअर, म्हणजे गाभ्याचं जंगल, सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि बफर, म्हणजे त्याभोवतीचं गावांलगतचं जंगल, अकराशेच्या आसपास. एवढं सगळं एका माणसाला कधीच कळत नाही, आणि जो कळल्याचं सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. एक गेट निवडा. त्या गेटच्या हद्दीत उन्हाळ्यातही न आटणारं एक पाणी निवडा आणि त्या पाण्यावर जिचा हक्क आहे ती वाघीण निवडा. कोअरमध्ये तेलिया, पांढरपौनी, जामनी, पंचधारा ही अशी ठिकाणं आहेत. घर बफरच्या जवळ असेल तर मी म्हणेन, आगरझरी, देवाडा, जुनोना, अलीझंझा, निमढेला यांपैकी जे गेट जवळ पडेल तिथूनच सुरुवात करा. खर्च कमी येतो, गावातली माणसं ओळखीची असतात, आणि नव्या नरांची ये-जा बफरमध्येच आधी कळते.

कोअर मंगळवारी बंद असतं आणि जुलै ते सप्टेंबर पूर्ण बंद. पावसाळ्यात काही बफर गेटं चालू राहतात. बुकिंग अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. शिकायचे खरे महिने फेब्रुवारी ते जून. पानगळ झालेली, गवत वाळलेलं, पाणी मोजक्या जागी उरलेलं, त्यामुळे वाघिणीला पाण्याकडे यावंच लागतं. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा वाघ तासन् तास पाण्यात बसतो. पाण्यात उतरताना तो बहुतेकदा पाठमोरा, मागचे पाय आधी टाकत उतरतो. त्या वेळी त्याची कूस, म्हणजे अंगाची एक बाजू, सावकाश पाहायला मिळते, आणि ओळख पटवायला तीच हवी असते.

हिवाळ्याचा उपयोग वेगळा. पहाटे गवत दवानं भिजलेलं असतं, म्हणून वाघ कोरड्या मातीच्या रस्त्यानं चालतो आणि रात्रभराचा सगळा प्रवास रस्त्यावर उमटलेला असतो. पहिली जिप्सी त्यावरून जाण्याआधी तो वाचायचा, म्हणून हिवाळ्यात गेटवर रांगेत पुढे राहण्याचा हट्ट धरावा.

वही

ताडोब्यात सफारीला मोबाइल नेता येत नाही. माझ्या मते नवीन माणसासाठी हे चांगलंच आहे. शंभर पानी वही, शिसपेन्सिल आणि मनगटावर घड्याळ एवढं पुरतं. कॅमेरा असेल तर उत्तम. प्रत्येक फेरीला तारीख, आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ, गेट, कक्ष क्रमांक (म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्याचा क्रमांक), पाण्याचं किंवा रस्त्याचं नाव, जनावर कुठून आलं आणि कुठं गेलं, कोणती कूस दिसली, सोबत कोण होतं, हे लिहायचं. कक्ष क्रमांक वनरक्षकाला विचारा, त्याच्या बीटचा नकाशा त्याला पाठ असतो. "वळणावरच्या मोहाजवळ" असं लिहिलं तर पुढच्या वर्षी तुम्हालाच ते कळणार नाही.

पानावर उभी रेघ मारून दोन भाग करा. डावीकडे स्वतः पाहिलेलं, उजवीकडे ऐकलेलं. ही रेघ मोडायची नाही. गेटवर चहाच्या टपरीशी रोज इतक्या गोष्टी कानावर पडतात की महिनाभरात माणसाला स्वतः काय पाहिलं आणि काय ऐकलं यातला फरक उरत नाही. आणि काहीच दिसलं नाही ती फेरीसुद्धा लिहा. एखाद्या पाण्यावर ओळीनं रिकाम्या फेऱ्या गेल्या तर तीही माहिती असते: वाघीण पिल्लं घेऊन आत सरकली असेल, किंवा नवा नर आला म्हणून तिनं जागा बदलली असेल.

नावांचा घोळ इथंच मिटवून घ्या. वनविभाग वाघाला क्रमांक देतो, गाईड लोक नाव देतात. टी-१२ म्हणजे माया, टी-७ म्हणजे छोटी तारा. क्रमांक लिहिताना जंगलाचं नावही लिहा, कारण टी-१ प्रत्येक जंगलात असू शकते. पांढरकवड्याची अवनी हीसुद्धा टी-१ होती. नरांच्या बाबतीत घोळ आणखी मोठा. तो एका गेटच्या हद्दीतून दुसऱ्या गेटच्या हद्दीत गेला की तिकडची माणसं त्याला दुसरं नाव देतात आणि एका वाघाचे दोन वाघ होतात. म्हणून वहीत आधी स्वतःची खूण टाका, जसं "न-३, डाव्या कुशीवर काट्यासारखा पट्टा", आणि लोक जी नावं सांगतील ती त्याखाली जोडत जा.

पट्टे

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथं घाई नको.

कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. याहून कामाची आणि नवीन माणूस हमखास विसरतो ती गोष्ट अशी की एकाच वाघाची डावी आणि उजवी कूसही सारखी नसते. डाव्या कुशीचा फोटो एका वाघाचा आणि उजव्या कुशीचा दुसऱ्याचा असं मानलं तर वाघ वाढतात. दोन्ही एकाचेच मानले तर चूक उलट्या दिशेनं होते. म्हणून कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर जोडीनं लावतात. तुमच्याकडे ट्रॅप नाही, तेव्हा प्रत्येक वाघाच्या पानावर "डावी" आणि "उजवी" असे दोन चौकोन काढा आणि दोन्ही भरेपर्यंत त्या वाघाची ओळख कच्चीच समजा. दोन्ही कुशी एकाच वाघाच्या आहेत हे पक्कं कधी होतं? तोच वाघ तुमच्या डोळ्यांसमोर वळला तर.

सगळे पट्टे लक्षात ठेवायचा प्रयत्न करू नका, डोकं भणभणेल. एका कुशीवरची तीन ठिकाणं निवडा. खांद्यामागे पट्टे बहुधा विरळ असतात, तिथला आकार डोळ्यांत भरतो. पोटाच्या मध्यावर पट्टे दुभंगतात, जुळतात, कुठं बंद वळसा होतो. तिसरं ठिकाण मांडी. समोरून वाघ आला तर डोळ्यांवरच्या पांढऱ्या भागातल्या काळ्या खुणा आणि गालावरच्या रेघा पाहा. प्रत्येक ठिकाणचा आकार पेन्सिलनं काढा. चित्र वाईट आलं तरी चालेल. काढताना डोळा जे पाहतो ते नुसतं बघताना निसटतं. फोटो असला तरी चित्र काढाच.

वण आणि कापलेले कान लगेच ओळखू येतात म्हणून त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नका. जखम भरते, नवी होते. पट्टे जन्मापासून मरेपर्यंत तेच राहतात. पिल्लांचे पट्टे लहानपणीच टिपून ठेवलेत तर तीन वर्षांनी शंभर किलोमीटरवर सापडलेला नर तुमच्याच वाघिणीचा मुलगा आहे हे सिद्ध करता येतं. नागझिऱ्याचा जय २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात पोचला तेव्हा तो कोण हे कळलं ते पट्ट्यांच्या जुन्या फोटोंमुळेच.

नर की मादी? अंगाच्या मापावरून ठरवू नका, एकटा वाघ दिसला की डोळा फसतो. नराचं डोकं रुंद, मान जाड, गालांजवळचे केस भरलेले. मागून चालताना वृषण दिसतात, तोच पक्का पुरावा. दीड वर्षाचा मुलगा आईपेक्षा मोठा दिसू शकतो आणि मग लोक "नर-मादीची जोडी" म्हणून बातमी करतात. ती बहुतेक आई आणि मुलगा असतात.

रस्ता काय सांगतो

एकेकाळी देशात वाघांची गणना पंजांच्या ठशांवरून होत असे. राजस्थानातल्या सरिस्कातले सगळे वाघ संपल्याचं २००५ मध्ये उघड झालं आणि त्या पद्धतीवरचा विश्वास उडाला. २००६ पासून दर चार वर्षांनी कॅमेरा ट्रॅप आणि आकडेशास्त्राच्या आधारे अंदाज काढतात. २००६ मध्ये देशात १४११, २०१८ मध्ये २९६७, २०२२ मध्ये सरासरी ३६८२, आणि त्यात महाराष्ट्रात ४४४. म्हणजे ठशावरून "हा अमुकच वाघ" असं सांगायचं नाही. कोण गेलं, कधी गेलं, कुठं गेलं, एवढं मात्र ठसा चांगलं सांगतो.

मागच्या पायाचा ठसा बघा. नराचा चौकोनाकडे झुकणारा, बोटं जाड; मादीचा लांबट, बोटं निमुळती. नखं उमटत नाहीत. उमटली असतील तर रानकुत्रा, तरस किंवा गावचं कुत्रं. लहान ठसा बिबट्याचा की वाघाच्या पिल्लाचा, हा नेहमीचा वाद. पिल्लाचा तळवा आणि बोटं अंगाच्या मानानं थोराड असतात आणि जवळपास आईचे ठसे असतात. बिबट्याचा ठसा नेटका आणि बहुधा एकटा.

किती जुना ते कडेवरून कळतं. ताज्या ठशाची कड धारदार असते, ऊन चढलं की ती ढासळते. ठशावर दव पडलेलं असेल तर तो रात्रीचा. ठशातून मुंग्यांची रांग गेली असेल, वाळकं पान पडलं असेल, तर तो शिळा. ठशावर टायर गेला की टायरवर ठसा, हे तर पहिल्यांदा बघायचं, कारण शेवटची गाडी केव्हा गेली हे गेटवर ठाऊक असतं.

वास हीसुद्धा खूण आहे. वाघाच्या मुताच्या फवाऱ्याला शिजत्या बासमती भातासारखा वास येतो. दोन्हींत तेच रसायन असतं. वाघ तिरप्या झाडाच्या आतल्या बाजूवर फवारा मारणं पसंत करतो, तिथं पावसानं तो लवकर धुतला जात नाही. अशी झाडं तुमच्या भागात ठरलेली असतात. नकाशावर त्यांची खूण करा. वाघीण माजावर येण्याच्या आधी फवारे एकदम वाढतात आणि रात्री तिचं डरकाळणं ऐकू येतं, जे तीन किलोमीटरपर्यंत जातं. अशा रात्रीनंतरच्या दिवसांत नर सरहद्द ओलांडून येतो. वहीत त्या तारखेला खूण करा आणि पुढे साडेतीन महिने मोजा: वाघिणीचा गर्भकाळ शंभर ते एकशे पाच दिवसांचा.

ठसे बघायला गाडीतून उतरायचं नाही. आणि सफारीबाहेर, बफरच्या जंगलात, एकट्यानं पायी माग काढायचा नाही, कितीही ओळखीचं रान असलं तरी. मार्च ते मे या काळात मोहफूल वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेली आपल्याच गावांतली माणसं वाघाच्या हल्ल्यात जातात, हे चंद्रपूर जिल्ह्यात कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. वाकून काम करणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही. पायी जायचंच असेल तर वनरक्षकासोबत, त्याच्या कामात त्याला मदत म्हणून जा. गावात वाघाचा वावर सुरू झाला तर प्राथमिक प्रतिसाद दलाला कळवा, त्यात बहुधा तुमच्याच गावचे तरुण असतात.

कॉल

कॉल म्हणजे वाघाची चाहूल लागली की जनावरं देतात ती धोक्याची हाक. सांबराचा पोंक हा सगळ्यात विश्वासाचा. सांबर उगाच ओरडत नाही. चितळ मात्र कशानंही ओरडतं, कधी रानकुत्र्याला, कधी बिबट्याला, कधी शेजारचं चितळ दचकलं म्हणून. एकटं चितळ एकदाच ओरडलं तर गाडी वळवू नका. सतत, एकाच दिशेला तोंड करून ओरडत असेल तर थांबा. वानर झाडावर बसून खोकल्यासारखा आवाज काढतं, त्याची नजर जिकडे आहे तिकडे वाघ. म्हणून कॉल आला की आवाजाकडे धावण्याआधी ओरडणाऱ्याला शोधा आणि त्याच्या डोळ्यांमागे जा.

कॉल थांबला म्हणजे वाघ गेला असं नाही, तो बसलाही असेल. टाकाचोर आणि कावळे एका झुडपावर घोंगावत असतील तर तिथं मारलेलं जनावर आहे. मोठं सांबर असेल तर वाघीण तीन-चार दिवस तिथंच राहते, आणि पिल्लं असतील तर त्यांनाही आणते. अशा वेळी पाण्यावर लांब उभं राहणं बरं, कारण खाऊन झालं की तिला पाणी लागतंच.

पिल्लं, आणि नवा नर

पिल्लं साधारण दोन महिन्यांची झाली की आईमागे बाहेर येऊ लागतात. सव्वा-दीड वर्षांपर्यंत तिच्यावर अवलंबून असतात, दीड ते दोन वर्षांत सुटतात. मुली जवळ राहतात, मुलं लांब जातात. किती लांब याची दोन उदाहरणं विदर्भाचीच आहेत. एक जय. दुसरा टिपेश्वरचा वॉकर: फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला रेडिओ कॉलर लावली, जूनमध्ये तो निघाला, आणि डिसेंबरपर्यंत शेतं, रस्ते, नद्या ओलांडत तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. मध्ये तेलंगणातूनही फिरून आला होता. म्हणून मुलगा दिसेनासा झाला की "मेला" लिहायची घाई करू नका.

नवा नर येतो तेव्हा वही भरभर भरते. खुणा अशा: ओळखीच्या झाडांवर एकाच आठवड्यात खूप फवारे, रात्री दोन वेगवेगळ्या दिशांनी डरकाळ्या, जुन्या नराच्या अंगावर ताज्या जखमा, आणि पिल्लांची आई एकदम लाजरी झालेली. तिची पिल्लं सहा-आठ महिन्यांच्या आतली असतील तर ती धोक्यात आहेत. कधी कधी वाघीण स्वतः नव्या नराशी जवळीक करते आणि त्याला पिल्लांपासून लांब नेते. मायाला असं करताना ताडोब्यातल्या अनेक गाईडांनी पाहिलंय. एका वाघिणीचं पान तुमच्याकडे असेल तरच हा डाव कळतो. नाहीतर तो नुसता "मेटिंग दिसलं" म्हणून सांगितला जातो.

झुंजी जीवघेण्या असतात. मटकासुर आणि छोटी तारा यांचा मुलगा छोटा मटका आणि बजरंग हा नर नोव्हेंबर २०२३ मध्ये चिमूर तालुक्यात, कोअरच्या बाहेर भिडले आणि बजरंग मेला. जिंकणाराही जखमी होतो, आणि त्याची जखम हे पुढच्या दावेदाराला आमंत्रण असतं. म्हणून झुंजीनंतर विजेत्याचं कौतुक लिहून थांबू नका. त्या दोघांच्या क्षेत्रात कोणकोणत्या वाघिणी होत्या, कोणाजवळ किती महिन्यांची पिल्लं होती, ते त्याच दिवशी वहीतून काढा. पुढच्या तीन-चार महिन्यांत काय होणार याचा अंदाज तिथूनच बांधता येतो.

जे सांगायचं नाही

दोन-तीन महिन्यांच्या पिल्लांची जागा कोणालाही सांगू नका. पाहुण्याला नाही, जिप्सीवाल्याला नाही, व्हॉट्सअॅप गटात तर मुळीच नाही. वाघीण पिल्लं तोंडात धरून जागा बदलते, आणि प्रत्येक बदलीत एखादं मागे राहू शकतं. फोटो टाकायचाच असेल तर महिनाभरानं, जागेचं नाव न देता टाका. वाघ रस्ता ओलांडतोय तिथं गाडी आडवी घालू नका, "आणखी थोडं पुढे" म्हणणाऱ्या पाहुण्याला नाही म्हणायला शिका. हे काम जमलं नाही तर बाकी सगळं शिकलेलं वाया जातं, कारण तुम्ही ज्या वाघिणीचं पान लिहिताय तिलाच तुम्ही पळवून लावताय.

गुराख्यांशी, मोहफूल वेचणाऱ्या बायांशी बोला, पण त्यांची माहिती उजव्या बाजूला लिहा आणि त्यांचं नाव वहीत नको. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसायची संधी मिळाली तर नक्की बसा. त्या रात्रीचं काम वाघ मोजायचं नाही. पण एका पाण्यावर रात्रभर कोण कोण कोणत्या क्रमानं येतं, हे एकदा बघितलं की दिवसाच्या कॉलचे अर्थ लागायला लागतात.

पान कधी बंद करायचं

माया ऑगस्ट २०२३ नंतर कोणाला दिसली नाही. अफवा भरपूर उठल्या. नोव्हेंबरमध्ये जंगलात सांगाडा सापडला आणि डीएनए तपासणीत तो तिचाच असल्याचं वनविभागानं सांगितलं. जय एप्रिल २०१६ नंतर दिसला नाही आणि त्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. म्हणजे मायाच्या पानावर मृत्यूची नोंद होऊ शकते, जयच्या पानावर होऊ शकत नाही. तिथं "शेवटचा दिसला" एवढंच आणि तारीख. पुराव्याशिवाय पान बंद करायचं नाही, आणि बंद केलंच तर त्या वाघिणीच्या लेकींची पानं कोणती, तो क्रमांक खाली लिहायचा.

हंगामाच्या शेवटी, जूनअखेर कोअर बंद झालं की, वही घेऊन परिक्षेत्र कार्यालयात जा. दोन्ही कुशींचे फोटो, तारखा आणि कक्ष क्रमांक असलेल्या नोंदी वनविभागाला द्या; त्यांच्या कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंशी त्या ताडून पाहता येतात आणि तुमच्या "न-३" ला त्याचा खरा क्रमांक मिळतो. जखमी वाघ, मेलेलं जनावर, वीजप्रवाह सोडलेली तार किंवा फासा दिसला तर मात्र जूनची वाट बघायची नाही. सफारीत असाल तर गेटवर पोचताच, बाहेर असाल तर तिथूनच वनरक्षकाला, तो मिळाला नाही तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा, आणि फोन केल्याची वेळ वहीत लिहा.